कंटाळ्याचा शोध

विद्यापीठाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत दर गुरुवारी एक शोध लागत असे. हा वार संस्थेच्या वृत्तकक्षाने नेमून दिला होता, कारण शुक्रवारच्या वर्तमानपत्रात आरोग्याचे पान असे आणि त्या पानावर संस्थेसाठी दोन स्तंभांची जागा राखून ठेवलेली असे. जागा होती म्हणून शोध लागणे भाग होते. निसर्ग आपली गुपिते सवडीने सांगतो, हे वृत्तकक्षाच्या प्रमुखसाहेबांना मान्य होते. पण पान दुपारी चारच्या आत छपाईला गेले पाहिजे, हे त्यांना त्याहून जास्त मान्य होते.

शास्त्रज्ञांचे म्हणणे माणसांना कळेल अशा भाषेत लिहिण्याचे काम एका वृत्तलेखकाकडे होते. हा गृहस्थ स्वभावाने गरीब आणि जात्याच शंकेखोर. 'होते' असे लिहायला त्याचा हात धजत नसे. 'होऊ शकते' असे लिहिले की त्याला रात्री शांत झोप लागे.

एका गुरुवारी मात्र जेवणाची सुट्टी झाली तरी शोधाचा पत्ता नव्हता. वृत्तलेखक एकेका प्रयोगशाळेचे दार ठोठावत शेवटी तळमजल्यावर उंदरांच्या बाईंकडे पोचला. बाई प्राध्यापक होत्या, पण उंदरांशी त्यांचा इतका जुना घरोबा होता की शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे त्यांना याच नावाने ओळखत.

"आहे एक," बाई नाइलाजाने म्हणाल्या. "काही उंदरांना पिंजऱ्यात चाक, शिडी, चेंडू असं सगळं दिलं. काहींना नुसता रिकामा पिंजरा. रिकाम्या पिंजऱ्यातले थोडे जास्त जगलेले दिसतायत. पण एवढ्यात लिहू नका हं. माझंच मन घेत नाहीये. पुन्हा तपासायचंय मला."

"मी 'शकते' घालतो," वृत्तलेखकाने शब्द दिला.

त्याने लिहिले, 'उद्दीपनशून्य वातावरणात ठेवलेल्या नर उंदरांचे आयुर्मान किंचित अधिक असू शकते.' साहेबांनी कागद हातात घेतला आणि तोंड आंबट केले.

"उद्दीपनशून्य म्हणजे काय हो?"

"म्हणजे करायला काही नाही, साहेब."

"मग सरळ कंटाळा म्हणा की! आणि हे 'नर' कशाला? निम्म्या वाचक बायका आहेत, त्यांनी जगू नये? 'किंचित' काढा. किंचित आयुष्य कोणाला हवंय?"

"आणि उंदीर?"

"राहू देत उंदीर. खाली कुठेतरी."

एवढ्या शस्त्रक्रियेनंतर जे वाचले ते असे: 'कंटाळ्यामुळे आयुष्य वाढू शकते.' 'शकते' शाबूत राहिले यातच वृत्तलेखकाने समाधान मानले. पण आपल्या भाषेत शंका वाक्याच्या शेवटी बसते आणि वर्तमानपत्राची कात्री शेवटाकडूनच चालते. शुक्रवारी पानभर मथळा आला, 'कंटाळा करा, आयुष्य वाढवा!' उंदीर केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली गेले होते.

कंटाळा येणे ही एक अवस्था आणि कंटाळा करणे हा एक दुर्गुण, असा फरक भाषेने पिढ्यान्‌पिढ्या पाळला होता. तो एका सकाळी निकालात निघाला.

पहिला लाभार्थी वीजबिलाच्या खिडकीतला कारकून ठरला. सोमवारी त्याने रांग दारापर्यंत असताना खिडकी बंद केली आणि बाहेर पाटी लावली, 'कंटाळा आला आहे.'

"हे काय कारण झालं?" रांगेतला एक जण ओरडला.

"वैद्यकीय आहे," आतून उत्तर आले.

गंमत म्हणजे पुढे कोणी तक्रारच केली नाही. रांगेत उभे राहण्यासारखा दुसरा कंटाळा नाही, हे लोकांच्या ध्यानात आले होते. खिडकीशी पोचलेला माणूस मागच्याला म्हणू लागला, "तुम्ही व्हा पुढे, माझं अजून पुरेसं झालं नाही." हा प्रतिसाद पाहून वरिष्ठ कार्यालयाने परिपत्रक काढले. सर्व प्रतीक्षालयांना यापुढे 'दीर्घायुष्य कक्ष' म्हणावे, तेथील पंखे, मासिके व खिडकीबाहेरील दृश्य या उद्दीपक वस्तू तातडीने हटवाव्यात, आणि एका फेरीत होणारे काम जनहितार्थ चार फेऱ्यांत विभागावे. दृश्य हटवणे बांधकाम खात्याकडे होते. त्यांनी खिडक्या बुजवल्या.

शहरात कंटाळ्याचे वर्गही निघाले. ज्या इतिहासाच्या मास्तरांना शाळेने विद्यार्थी झोपतात म्हणून घरी बसवले होते, त्यांना दारात गाडी पाठवून बोलावणी येऊ लागली. बिचारे इतक्या सन्मानाने हरखून गेले आणि रंगात येऊन शिकवू लागले. श्रोत्यांना चक्क मजा वाटली, तेव्हा त्यांनी शुल्क परत मागितले.

हे सगळे वृत्तलेखकाने हसून सोडून दिले असते. लोकांचे काय, आठ दिवसांनी लोक दुसरे काहीतरी धरतात. पण त्याच्या घरात आत्या होती.

आत्याने त्याला लहानाचे मोठे केले होते. बाई मोठी खटपटी. खालच्या मजल्यावरच्या मावशींशी रोज संध्याकाळी पत्ते खेळायची, बिनदिक्कत लबाडी करायची, पकडली गेली की उलट मावशींवरच तोंडसुख घ्यायची. हृदय मात्र जरा नाजूक होते. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते आणि सकाळ-संध्याकाळ गोळ्या दिल्या होत्या. तीच आत्या एका संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसलेली दिसली.

"आत्या, काय करतेयस?"

"कंटाळा करतेय. बोलू नकोस, मोडेल."

"चालायला गेली नाहीस? गोळी घेतलीस का?"

"गोळीचा कंटाळा केला. म्हणजे दुहेरी फायदा."

"अगं, ती बातमी मी लिहिलीय! उंदरांची आहे ती!"

आत्याने मान न वळवता त्याची कीव केली. "तू लिहिलेलं कोण मानतंय रे? तुझं मला माहीत नाही का! पण हे छापून आलंय."

"पण कशासाठी हे?"

"तुझ्यासाठी, सोन्या," ती भिंतीलाच म्हणाली. "तुला अजून स्वतःचे मोजे सापडत नाहीत. इतक्यात जाऊन कसं चालेल मला?"

खाली मावशी एकट्याच पत्ते पिसत बसलेल्या असायच्या. पुढच्या आठवड्यात आत्याचे पाय सुजले. दोन पायऱ्या चढली की तिला धाप लागू लागली, आणि आता तिला चढायचाही कंटाळा करायला मिळतो म्हणून ती खूश होती. वृत्तलेखक मात्र मनातून हादरला. ज्या बाईने आपल्याला वाढवले, तिचा जीव आपण दोन स्तंभांच्या जागेपायी घेतो आहोत, असे त्याला वाटू लागले. तो धावत तळमजल्यावर गेला.

"बरं झालं आलात," उंदरांच्या बाई म्हणाल्या. "चूक सापडली. चाकावरचे उंदीर बघायला सगळ्यांनाच आवडायचं. जो तो येता-जाता डोकावायचा, त्यामुळे एखादा मेला तर लगेच कळायचं. रिकाम्या पिंजऱ्यात काय बघायचं? कोपऱ्यात झोपलेलाच असायचा. तिकडे बघायचा आम्हाला कंटाळा यायचा, मलासुद्धा. मेलेला उंदीर दोन-दोन दिवस आमच्या लेखी झोपलेला असायचा."

"म्हणजे ते जास्त जगलेच नाहीत?"

"छे हो. आम्हाला उशिरा कळलं, इतकंच."

वृत्तलेखकाने हे साहेबांच्या कानावर घातले. साहेब नियमाने वागणारे होते. त्यांनी खुलासा काढायला हरकत घेतली नाही, फक्त तो समितीपुढे ठेवला. समितीने त्यातून 'चूक' हा शब्द काढला आणि त्या जागी 'निरीक्षण-वारंवारितेतील तफावत' घातली. कायदा सल्लागारांनी 'सदर', 'उपरोक्त' आणि 'तथापि' घातले. उंदरांच्या बाईंनी जे दोन मिनिटांत सांगितले, त्याला तीन पाने लागली. वर्तमानपत्राने ती बारीक अक्षरात, निविदांच्या पानावर, इमानदारीने पूर्ण छापली.

वृत्तलेखकाने तो अंक घरी नेला, आत्याच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढले आणि मोठ्याने वाचू लागला. "सदर वृत्तातील उपरोक्त निष्कर्षासंदर्भात असे स्पष्ट करण्यात येते की..."

आत्याने डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर अपार समाधान पसरले.

"आत्या, कळतंय ना तुला?"

"थांबू नकोस, वाच. अरे, काय कंटाळवाणं आहे हे! भिंत यापुढे काहीच नाही. उद्या पुन्हा वाचशील?"

त्या रात्री तो खूप चिडला, पण कोणावर चिडावे हे त्याला ठरवता येईना. सकाळी उठला तो गुरुवार होता. कचेरीत आल्या आल्या त्याने कुठल्याही प्रयोगशाळेचे दार न ठोठावता एकटाकी लिहून काढले, 'वेळेवर गोळ्या घेऊन, दोन फेऱ्या मारून मग शेजाऱ्यांशी मनसोक्त भांडणाऱ्यांचे हृदय बळकट होते.' आयुष्यात प्रथमच त्याने 'शकते' लिहिले नाही.

साहेबांनी वाचले. "फोटो आहे का?" एवढेच त्यांनी विचारले. वर्तमानपत्रानेही या वाक्याचा एक शब्द कापला नाही.

शुक्रवारी सकाळी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आत्या उठली होती. तिने पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळली, धापा टाकत का होईना आवारात दोन फेऱ्या मारल्या आणि मावशींच्या दारात जाऊन गेल्या महिन्यातल्या एका डावावरून असा आवाज लावला की वृत्तलेखकाच्या डोळ्यांत पाणी आले. मावशीही कमी नव्हत्या. त्यांनी रडत-रडतच भांडायला सुरुवात केली.

कचेरीत पोचल्यावर मात्र तो फोनकडे बघत बसला. आज कोणीतरी विचारणार: हे संशोधन कोणाचे? किती जणांवर केले? कधी? फोन वाजला. उंदरांच्या बाई होत्या.

"हे कुठल्या उंदरांवर केलंत?"

"एका आत्यावर," त्याने कबूल केले.

"नमुने किती?"

"एकच."

"आणि परिणाम?"

"लक्षणीय आहे, बाई."

मग बाईंनी फोन ठेवून दिला, त्यांना पिंजरे बघायला जायचे होते.

त्यानंतर मात्र फोन थांबेनात. नोकरी जाणार हे धरूनच त्याने एकेक उचलला. वकिलांचा आला, शाळेच्या मुख्याध्यापकांचा आला, वीजबिलाच्या कारकुनाचा आला, स्वतः कुलगुरूंच्या घरूनही आला. कोणाचे संशोधन, किती जणांवर, कधी, हे एकानेही विचारले नाही. सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती: भांडण जेवणाआधी करायचे की जेवणानंतर?

वाचकहो, तुमच्याही मनात मघापासून तेच आले असेल, तर संकोच नको. जेवणानंतर.