छातीचा स्वच्छ फोटो

थोरल्या नातीचं लग्न झालं त्या वर्षी माझ्या धाकट्या भावाच्या छातीत बटणाएवढा ठिपका निघाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, वाट बघू नका. ऑपरेशनला मंजुरी कार्यालयाचा होकार लागतो आणि ते कार्यालय एक्स-रे फक्त इमेलने घेतं. पुतणीने बापाच्या छातीचा फोटो जोडून पाठवला. लगेच उत्तर आलं : 'छाती निर्दोष आढळली. सबब ऑपरेशनची आवश्यकता नाही. अभिनंदन.'

पुतणीने आपण पाठवलेला फोटो पुन्हा उघडला. ठिपका जागच्या जागी होता. तेव्हा आम्ही दोघं कार्यालयात गेलो. तिथल्या मॅडमनी त्यांच्या पडद्यावर फोटो दाखवला. फासळ्या अशा लख्ख, की आत्ताच घासून पालथ्या घातल्यात. ठिपका नव्हता.

मॅडमनी संगणकवाल्याला बोलावलं. त्याला कोडं पडलंच नाही.

"मॅडम, लोकांचे कागद चहा सांडलेले येतात म्हणून तुम्हीच ओरडत होतात ना? तेव्हापासून आत येणारं सगळं आपण धुऊन घेतो."

"मग आमच्यापुरतं ते बंद करा की," पुतणी म्हणाली.

"तशी तक्रार इमेलने करा, ताई."

तिने केली. पोचेपर्यंत तिचं आभारपत्र झालं होतं. मॅडमनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं.

मग संगणकवाल्याने उपाय सुचवला : फोटो मोठा करून पाठवा. मोठा पाठवला. तिकडे भावाचं लहानपणी मोडलेलं गळ्याचं हाडही सांधलं गेलं. दुसऱ्या पत्त्यावरून पाठवला, तर छाती पंचविशीतल्या पैलवानाची निघाली. इकडे भावाला जिना चढवेना.

शेवटी मी एक्स-रेची फिल्मच नेऊन मॅडमच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीशी धरली आणि बराच वेळ पाहिली.

"दिसतोय का ठिपका?" मी विचारलं.

"दिसतोय, काका. चांगला वाढलाय. पण हातात आणलेलं मला दिसत नाही, असा नियम आहे."

प्रकरण वर गेलं. वरच्या समितीने फार बारकाईने विचार केला. निकाल आला : 'कार्यालयातील प्रत अधिक स्वच्छ असल्याने तीच मूळ मानण्यात येत आहे. रुग्णाने मूळ प्रतीशी जुळवून घ्यावे.'

मी तो भावाला वाचून दाखवला. तो उशीला टेकून हसला, मग खोकला, मग पुन्हा हसला.

"दादा, त्या कार्यालयातला मी एवढा धडधाकट आहे, तर त्यालाच घरी आणा. मी तिकडे जाऊन पडतो."

"गप पड," मी म्हणालो. "उद्या पुन्हा पाठवू."

पुतणी पुन्हा पाठवत राहिली. तिकडची छाती दिवसेंदिवस सुधारत गेली.

ही हकीकतही संपादकांकडे इमेलनेच गेली आहे. वाचताना तुम्हाला कुठे हसू आलं असेल, तर ती तुमच्यापर्यंत धुऊनच पोचली असं समजा. मी लिहून पाठवलं होतं ते एवढंच : माझा धाकटा भाऊ त्याच वर्षी, मार्च महिन्यात, मंजुरीची वाट बघत वारला.