हरीभाऊंचं राजेळी केळं

ईशान, मैत्रेयी,

परवा व्हिडिओवर बोलताना ईशानने केळं सोललं आणि अर्धं एका घासात तोंडात कोंबलं. तुमच्या आईने "मॅनर्स!" म्हणून दटावलं. पण माझ्या शेजारी बसलेले आजोबा केवढे खूष झाले, ते तुम्ही पाहिलंत. ते का, हे तुम्हाला सांगायला हवं, आणि त्यासाठी हरीभाऊंबद्दल सांगायला हवं. त्यांना ओळखणारी माणसं आता आमच्या आळीत फारशी उरलेली नाहीत.

हरीभाऊ म्हणजे आगाशीतल्या आमच्या शेजारच्या वाडीचे मालक. त्यांच्या ओटीवर कायम राजेळी केळ्यांचा लोंगर, म्हणजे अख्खा घड, टांगलेला असे. पोस्टमन येवो, मीटर बघणारा येवो, मत मागायला उमेदवार येवो, चहाआधी हातात केळं. अट एकच. "मोडायचं नाय! सोला नि थेट चावा."

राजेळी केळं चांगलं जाडजूड. पाहुणा आ करी, तेव्हा हरीभाऊ विहिरीत डोकवावं तसे वाकून त्याच्या तोंडात बघत. घास नीट आत गेला की पाठ थोपटत. "झकास! दरवाजा उघडा आहे."

लोक त्यांना चक्रम म्हणत. मला मात्र ते आवडत. मी शाळेत इंग्रजी शिकवणारी बाई. नियम एकदा केला की तो सगळ्यांना सारखा, हे मला पटायचं. उमेदवारालाही त्यांनी सूट दिली नव्हती.

एकदा त्यांच्या पुतणीला बघायला वालीवच्या कारखान्यात नोकरीला असलेला मुलगा आला. पोह्यांच्या आधी केळं आलं. मुलाने बोटांनी तुकडे केले आणि एकेक तुकडा ओठांतून आत सरकवला.

"मुलगा पसंत आहे," हरीभाऊ म्हणाले. "तोंड पसंत नाय. गुटखा किती खातोस रे?"

मुलाचे वडील ताडकन उठले. "आम्ही काय बैलबाजारात आलोय, दात दाखवायला?"

"बैल बरा हो. तो आ तरी करतो."

लग्न तिथेच मोडलं. पुतणी बरेच दिवस काकांशी बोलत नव्हती.

आता आजोबांकडे येते. त्या काळात पानाच्या प्रत्येक टपरीवर गुटख्याच्या पुड्यांच्या माळा लोंबत. ऑफिसला जाताना एक, येताना एक, असं करत तुमच्या आजोबांच्या खिशात पुडी कायमची राहायला आली. मी बोलले की म्हणत, "मी तंबाखू कुठे खातो? हा मुखवास आहे." हळूहळू त्यांना आमटी तिखट लागू लागली. मी मिरच्या कमी केल्या. हरीभाऊंचं केळं मात्र ते शिताफीने टाळत. कधी सर्दी, कधी भरलेलं पोट, कधी गाडीची वेळ.

एका रविवारी ते सापडले. ओटीवर चारचौघं बसलेली, हातात सोललेलं केळं. आजोबांनी इकडेतिकडे बघितलं आणि केळं मोडलं.

हरीभाऊ ओरडले नाहीत. त्यांनी आजोबांच्या हातातलं केळं काढून घेतलं. "साहेब, उद्या रजा टाका. डॉक्टरकडे जायचंय."

"माझ्या तोंडाचं मी बघेन."

"मीही असंच म्हणालो असतो," हरीभाऊ म्हणाले. "आमची सुमती पान-तंबाखू खायची. पुढे पुढे केळं मोडून खायला लागली, छोटे छोटे तुकडे करून. मला वाटलं, काय रीत आहे हिची! आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचो, बघा, आमची ही राणीसारखी खाते. ती नुसती हसायची. डॉक्टरांनी विचारलं, तोंड कधीपासून उघडत नाही? मला सांगता येईना. मी रोज समोर बसून बघत होतो, साहेब."

आम्ही आगाशीला राहायला येण्याआधीच सुमतीवहिनी कॅन्सरने गेल्या होत्या. त्यांचं नाव हरीभाऊंच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आजोबांनी रजा टाकली. डॉक्टर म्हणाले, गालांची आतली कातडी आवळून कडक झाली आहे. हा कॅन्सर नाही, पण पुडी सुटली नाही तर तो व्हायला वेळ लागणार नाही. दवाखान्याच्या पायरीवर आजोबांनी खिशातली पुडी काढून हरीभाऊंकडे दिली. हरीभाऊंनी ती दोन बोटांत धरली, मेलेली पाल धरावी तशी, आणि कचऱ्यात टाकली.

तोंड उघडण्यासाठी व्यायाम सांगितला होता. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची. संध्याकाळी हरीभाऊ आमच्या ओटीवर पहारा द्यायला येत. काड्या दातांत, त्यामुळे आजोबांना बोलता येत नसे. पुडीवाचून ते चिडचिडे झालेले, पण तेही डोळ्यांनीच. हरीभाऊ मात्र बोलत राहत. सुमती सुकेळी कशी वाळवायची, कुठल्या लुगड्यात कशी दिसायची, चिडली की कशी विहिरीवर जाऊन बसायची. मध्ये कोणी "जाऊ दे हो, विसरा" म्हणणारं नव्हतं. आजोबांचं तोंड पुरेसं उघडू लागल्यावरही ते हरीभाऊ दिसले की काड्या दातांत धरून बसत. हे हरीभाऊंना कळत होतं असं मला वाटतं. दोघांनीही ते कधी बोलून दाखवलं नाही.

हरीभाऊ आता नाहीत. वाडीच्या जागी इमारत झाली. त्यांनी दिलेला राजेळीचा एक मुनवा, म्हणजे बुंध्याशी फुटलेला कोंब, आम्ही मोरीच्या पाण्यावर लावला होता; त्याचं दाट बेट झालं आहे. आजोबांचं तोंड पूर्वीइतकं कधीच उघडलं नाही. त्या बेटातली केळी ते अजून मोडूनच खातात. आज सकाळीही एक खाल्लं.