विरोधी पक्षातला हेमंत

नंदुरबारला हेमंतच्या दुकानात विहिरीवरच्या पंपाची जळालेली मोटार घेऊन जाणार असाल, तर एक लक्षात ठेवा. तो आधी मोटार उघडतो, तांब्याची सगळी तार बाहेर काढतो आणि मग विचारतो, "मत कोन्ले देतस तुम्ही?" सांगितल्याशिवाय सुटका नाही. पोट फाडलेली मोटार तशीच टाकून शेतकरी जाणार कुठे? निमूट स्टुलावर बसतो आणि हेमंतचं ऐकून घेतो.

मीही तशीच सापडले. आमची विहिरीवरची मोटार जळाली होती आणि नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कंबरदुखीनं खाटेवरून उठवत नव्हतं. मी नंदुरबारला औषधांच्या दुकानात कामाला, म्हणून मोटारही माझ्याच गळ्यात आली. हेमंतनं प्रश्न विचारला, मी खरं उत्तर दिलं, आणि त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

पक्षांची नावं मी सांगणार नाही. एक त्याचा, एक माझा, आणि दोघांचं एकमेकांशी जमत नाही, एवढं पुरे.

मोटार भरायची म्हणजे तारेचे वेढे मनात मोजत गुंडाळायचे. एक चुकला की सगळं उकला. मी त्याच्या पक्षाबद्दल काही बोलले की तो "मुद्दा असा शे..." म्हणून सुरू व्हायचा आणि आकडा विसरायचा. तीनदा उकललं. शेवटी मला म्हणाला, "तू बाहेर बैस. काम होवू दे, मंग भांडसूत." माझं निम्मं प्रेम त्या 'मंग'वरच जडलं असावं. दोन दिवसांनी मी पुन्हा गेले, तेव्हा बरोबर मोटार नव्हती.

त्याला दोन वर्षं झाली. दर रविवारी स्टँडमागच्या हॉटेलात आम्ही चहा घेतो आणि भांडतो. माझ्या वाढदिवसाला तो तळहातावर काही लिहून आला. मी लाजून त्याचा हात पुढे घेतला, तर वीजबिलाबद्दलचे चार मुद्दे! "इसरी जास ना, म्हनीसन लिखं," म्हणाला. चारपैकी दोन मी तिथंच खोडले. पेन त्यानंच दिलं.

एकच गोष्ट त्याला सोसत नाही, अबोला. एकदा मी रुसून दिवसभर फोन उचलला नाही, तर संध्याकाळी हा दुकान उघडं टाकून औषधांच्या काउंटरसमोर हजर. चेहरा पांढराफटक. "काहीतरी बोल ना वैशू. शिवी दे, पन बोल." गिऱ्हाइकांदेखत मी त्याला त्याच्या पक्षावरून एक सणसणीत शिवी दिली. तेव्हा कुठं त्याच्या जिवात जीव आला. मला वाटलं, नाटकी आहे मेला.

लग्नाचं मी घरी सांगितलं तेव्हा नानांनी जात विचारली नाही, जमीन विचारली नाही. "कोन्ती पार्टीना शे?" एवढंच विचारलं. आमच्या गावात, धानोऱ्यात, नाना आमच्या पक्षाचे जुने कार्यकर्ते. आमच्याकडे पक्षप्रवेश म्हणजे गळ्यात गमछा आणि मोबाइलवर फोटो. फोटो गावाच्या ग्रुपवर पडला की माणूस पक्का. नानांनी अट घातली, एकदा आपला गमछा घालून फोटो काढू दे, मग पोरगी देतो.

मी म्हटलं, "लगीन करसू ते त्यानासंगेच. अन् गमछा न घालताच."

आणि मनात ठरवलं होतं, त्यानं तो गळ्यात घातलाच तर मीच उठून जाईन. माझ्यासाठी स्वतःचं मत सोडणारा नवरा मला नको होता. माझ्याशी भांडणारा हेमंतच हवा होता.

रविवारी तो घरी आला. आईनं पोहे आणले. नानांनी बशीशेजारी घडी केलेला गमछा ठेवला. हेमंत त्याच्याकडे बघत राहिला. दोन वर्षांत तो इतका वेळ गप्प मी पहिल्यांदाच पाहिला, आणि खरं सांगते, घाबरले.

"नाना, हाऊ मी घालस नही," तो म्हणाला. "आज मी हाऊ घाला, ते उद्या वैशूसंगे काय तोंड लिसन भांडसू?"

"तुले संसार करना शे का भांडना शे?"

"भांडना शे," हेमंत म्हणाला. मग आवाज उतरला. "मन्ही माय ग्रामपंचायतले मामाना पॅनलमा उभी ऱ्हायनी. बाप दुसरा पॅनलमा. माय निवडी उनी, बाप पडना. तवयपासून बाप तिनासंगे बोलना नही. एकच घरमा. 'मायले सांग, भाकर वाढ.' 'बापले सांग, वाढेल शे.' निरोप मीच लई जाऊ. माय गयी, त्या दिन बी बाप खाटजवळ उभा ऱ्हायना अन् माले म्हने, 'मायले सांग, ऊठ.'"

दोन वर्षांत हा माणूस इतकं बोलला होता, पण हे कधीच बोलला नव्हता.

आई पदर तोंडाला लावून आत गेली. नानांनी गमछा उचलून आपल्याच मांडीवर ठेवला. बराच वेळ ते त्याची किनार चाचपत राहिले. मग खाकरले आणि बैठकीत दरडावतात तसे दरडावले, "बैस. पोहा खाय. अन् माले सांग, तुमनी पार्टीनी कपाशीले भाव काबर दिधा नही?"

या प्रश्नाचं उत्तर हेमंतला तोंडपाठ होतं. माझ्यावर त्यानं ते कितीदा तरी झाडलं होतं. पण तो खाली मान घालून रडत होता. आणि नाना तर उत्तराची वाट बघत होते.

मग ते उत्तर मी दिलं. त्याच्या पक्षाच्या बाजूनं, एकही मुद्दा न गाळता, चांगला अर्धा तास.