डाव्या रकान्यातल्या बाई

नव्या बाईंनी फळ्यावर तिसऱ्यांदा डस्टर फिरवला. एकही अक्षर पुसलं जात नव्हतं. पांढऱ्या फळ्याचं पेन संपलं म्हणून ऑफिसातून घाईघाईत उचलून आणलेला मार्कर पार्सलवर पत्ते लिहायचा निघाला. पार्सल पाण्यात पडलं तरी पत्ता जाऊ नये, असल्या जातीचा.

सातवीच्या वर्गाला त्या शिकवत होत्या, लेखक खऱ्याची गोष्ट कशी करतो ते. फळ्यावर दोन रकाने होते. उजवीकडे 'गोष्ट': एक स्टेशनमास्तर ड्युटीवर झोपतो आणि अख्खी गाडी हरवते. त्यात कोणाचं काही जात नव्हतं. डावीकडे 'खरं': एक बाई दुपारी तोंडापुढे फाइल धरून झोपतात. मुलांकडून जप्त केलेली चॉकलेटं स्वतःच खातात. फोनवर बहिणीशी भांडतात आणि 'वरून फोन होता' म्हणून सांगतात. नाव लिहिण्याइतक्या नव्या बाई खुळ्या नव्हत्या. पण मुख्याध्यापिकेच्या, म्हणजे मोठ्या बाईंच्या, केबिनला काचेचं दार होतं आणि मुलांना डोळे होते.

याच मोठ्या बाई पाच मिनिटांत तास बघायला येणार होत्या. तास पसंत पडला तर नव्या बाईंची नोकरी कायम. नाही तर पुन्हा दारोदार शिकवण्या.

"बाई, पाणी लावू?" कोणीतरी विचारलं.

पाणी लावलं. अक्षरं आणखी चकाकली.

"बाई, वर नकाशा लटकवू या," पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली. नकाशा आला, पण खिळा नेमका उजव्या बाजूला. बिचारा स्टेशनमास्तर तेवढा झाकला गेला. आता फळ्यावर उरलं फक्त 'खरं', आणि दारात उभ्या मोठ्या बाई.

त्या शेवटच्या बाकावर बसल्या, तासाच्या शेऱ्याचा फॉर्म मांडीवर घेतला आणि फळा सावकाश वाचू लागल्या.

"कोण हो या बाई?"

बेचाळीस माना एकदम मोठ्या बाईंकडे वळल्या.

"मी!" नव्या बाई जवळजवळ किंचाळल्या. "मीच ती!"

माना परत फिरल्या.

"तुम्ही झोपता?"

"म्हणजे... डुलकी."

"आणि चॉकलेटं?"

"दोनच खाल्ली हो."

"बहिणीचं काय?"

"फार तोंडाळ आहे ती," नव्या बाई म्हणाल्या. त्यांना सख्खी सोडाच, चुलत बहीणसुद्धा नव्हती.

चष्मेवालीने हात वर केला. "बाई, खऱ्याची गोष्ट करायची म्हणजे हेच ना?"

"खाली बस!"

घंटा झाल्यावर मोठ्या बाईंनी त्यांना बाहेर बोलावलं. कुठून ही दुर्बुद्धी सुचली, असं नव्या बाईंना झालं. मोठ्या बाईंनी फॉर्म भिंतीला टेकवला, बराच वेळ पेन नुसतंच धरून ठेवलं. मग आजूबाजूला कोणी नाही हे बघून सही केली.

"मला वाटायचं, या शाळेत मी एकटीच," त्या हळूच म्हणाल्या. "उद्यापासून दुपारी केबिनमध्ये येत जा. एकीने झोपायचं, एकीने दाराकडे लक्ष ठेवायचं."

"हो, बाई."

"झोपायची पहिली पाळी माझी."