दातेरी डोकं आणि कोंडाजीची बैठक

“कड्याच्या गो कपारीला, गरुडीनं घर केलं,
लेकरू उडताना, वारियानं बळ दिलं.”

लहानपणी शेजारच्या ठमाबाईची ही ओवी जात्याच्या घरघरीतून कानी यायची. पुढे महाडात फोटोचं दुकान थाटलं आणि ठरवलं, ते उडणारं लेकरू मी काचेवर धरणारच! माझा नेम चुकत नाही, हे अख्ख्या महाडला ठाऊक आहे. मीच सांगतो ना सगळ्यांना!

लांब भिंग होतं, पण कॅमेरा बसतो ते तिवईचं डोकं गोळ्याच्या सांध्याचं. स्क्रू आवळला, की भिंग जेवलेल्या सासऱ्यासारखं मान टाकी! मुंबईला जाऊन दुकानदाराचं डोकं खाल्लं आणि दातेरी चाकांचं डोकं निवडलं. एक मूठ फिरवली की कॅमेरा केसभर बाजूला, दुसरी फिरवली की केसभर वर किंवा खाली. सोडाल तिथे ठाम. वजन वरवंट्याएवढं!

चैतात ते कापडे गावी नेलं. कड्याच्या कपारीत गरुडीचं पिल्लू पंख झाडत होतं. आज गेलं तर गेलंच! कड्याखालच्या शेतात तिवई रोवली, काळं कापड डोक्यावर घेतलं. किर्र... किर्र...

“अगो बया!” भातासाठी राब भाजणारी रंगूबाई ओरडली. “मोजणीवाला आला! दाते फिरवून जमीन मोजतो हाय!”

तिचा नवरा कोंडाजी धावत आला. मागून त्याचा धाकटा भाऊ हैबती.

“रावसाहेब, काय बघताव?”

“कडा.”

“आन् कड्याच्या बुडाला?”

“तिथे काय आहे?”

“काय नाय!” कोंडाजी इतक्या घाईनं म्हणाला, की माझ्या मनात पाल चुकचुकली. बेट्याचा पिल्लावर डोळा असणार!

पुन्हा कापडात शिरलो. तेवढ्यात काचेत पिल्लू सर्रकन खाली गेलं. पडलं! भिंग भराभर खाली आणलं, तर कड्याच्या बुडाशी कोंडाजी कांबळं पसरून अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा बसलेला!

धावलो. “उठ! तुझ्याखाली काय आहे?”

“दुखणं हाय, साहेब. उठवत नाय.”

“आत्ता तर पळत आलास! कांबळ्याखाली काय दडवलंयस? जीव घेशील त्याचा!”

“जीव?” कोंडाजी पांढराफटक. “रंगू, ह्या यंत्रानं समदं बघितलं गो!”

“मंग सांगून टाका!” रंगूबाई रडायला लागली.

कोंडाजी उठला. कांबळं सारलं. खाली पिल्लू नव्हतं. एक शेंदूर फासलेला दगड होता.

“बांधाचा दगड!” कोंडाजीनं कान धरले. “दर साली नांगरट झाली, की ईतभर हैबतीच्या रानात सारतो. धाकट्याचं खाल्लं मी, साहेब. पन त्याला माज्यापास्नं तोडू नका!”

तेवढ्यात डोक्यावर सावली फिरली. पिल्लू! ऐटीत घिरट्या घालत होतं. कॅमेऱ्याच्या काचेत सगळं उलटं दिसतं, हे ऐन वक्ताला विसरलो होतो मी! ते पडलं नव्हतं, उडालं होतं. आणि माझं दातेरी डोकं, सोडलं तिथे ठाम, जमिनीकडे टक लावून!

हैबती मात्र दगडाकडे बघत पायानं माती उकरत होता.

“बोल की रं!” कोंडाजी कळवळला. “शिव्या दे!”

“कशाला दादा?” हैबती पुटपुटला. “दर शिमग्याला मी परत जागेवर सारतो. वर तुझ्या रानात दोन बोटं जास्तीच.”