झारच्या शिपायांचे शेखसर

सावेडीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे शेखसर माणूस भेटला की आधी त्याच्या शर्टाच्या डाव्या खिशाकडे बघतात. तिथे पदक कसं शोभलं असतं, याचा अंदाज घेत असतात. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला; आता एकच विषय उरलाय, झारच्या रशियातल्या साध्या शिपायांची पदकं. सेनापतींचं नाव काढलं की हात झटकतात. "त्यांना देणारे पुष्कळ होते. शिपायाचं बोला."

शिपायाला मिळायचा तो सेंट जॉर्जचा क्रूस. त्याचे वर्ग चार, आणि सुरुवात चौथ्यापासून. लिफ्ट बंद असताना सिलिंडर खांद्यावरून वर आणणाऱ्या माणसाला सरांनी एकदा "चौथा वर्ग" जाहीर केला. तो बिचारा म्हणाला, "सर, मी धाव्वी पास हाय की."

क्रूसावर घोड्यावर बसलेला संत असायचा. मुसलमान शिपायांना चालणार नाही म्हणून सरकारने त्यांच्या क्रूसावर गरुड घातला. तर शिपाईच रुसले. पाखरू नको, घोडेस्वार द्या म्हणाले. हे सांगताना सर इतके हसतात की कपातला चहा बशीत येतो.

मध्यंतरी सीमेवर वातावरण तापलं. सरांचा मुलगा समीर तिकडेच शिपाई आहे. त्याचा फोन येईनासा झाला. सरांच्या बायकोने, भाभींनी, बोलणंच सोडलं. सर मात्र सकाळ-संध्याकाळ आमच्याकडे येऊन पदकांबद्दल बोलत बसायचे, पूर्वीपेक्षा भरभर, मोबाईल मुठीत धरून. मध्येच थांबून रेंज बघायचे. एकदा काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारून बसलो, की शिपाई लढाईत कामी आला तर त्याचं पदक घरी कुणाच्या हातात देत?

सरांनी पुन्हा रेंज बघितली.

"ते मी वाचलेलं नाही," म्हणाले. "मी परत आलेल्यांचंच वाचतो."

त्यानंतर ते येऊन नुसतेच बसायचे. अशाच एका दुपारी फोन वाजला. सरांनी तो माझ्याच हातात दिला; मी स्पीकरवर टाकला. समीर सुखरूप होता. त्याची तुकडी पुढे हलवली होती, फोन बंद ठेवायचा हुकूम होता. मग अब्बांना बरं वाटावं म्हणून त्याने सांगितलं, की साहेबांनी पदकासाठी त्याचं नाव वर पाठवलंय.

मी सरांकडे बघितलं. त्यांनी माझ्या हातातला फोन तोंडाजवळ ओढला.

"पदक राहू दे, बेटा. रजा कधी मिळते ते विचार."