चष्म्याच्या दुकानासमोर

नगरपालिकेचं बाक दुकानाच्या दारात उतरलं तेव्हा चष्मेवाले एका बाईंना लांबचं वाचायला लावत होते. बाईंनी भिंतीवरची अक्षरं सोडून दाराबाहेर नजर टाकली आणि म्हणाल्या, "तिथं काही माणसं बाक बसवतायत. हे बरोबर वाचलं का मी?"

चष्मेवाल्यांनी मान वळवली आणि हातातलं भिंग खाली ठेवलं. पायरीला लागून दोन खड्डे खणून झाले होते आणि मुकादम उकिडवा बसून सिमेंट कालवत होता.

दुसऱ्या कुणाच्या दारात असं आयतं बाक आलं असतं तर त्यानं मुकादमाला चहा पाजला असता. पण चष्मेवाले काटकसर आघाडीच्या वॉर्ड शाखेचे चिटणीस होते. शहरात पक्ष दोनच. सुविधा पक्ष सत्तेत होता आणि जागा दिसेल तिथं बाकं, कारंजी नि रंगीत दिवे बसवत होता. काटकसर आघाडी विरोधात होती आणि जे बसेल त्याच्या विरोधात उभी राहत होती. चष्मेवाले नुसते बोलण्यापुरते काटकसरीचे नव्हते. गिऱ्हाईक आरशात बघत असेतोवर ते आरशावरचा दिवा लावत, आणि किंमत ऐकून ते विचारात पडलं की विझवत. आदल्याच आठवड्यात चौकातल्या सभेत त्यांनी बाकांच्या योजनेची सालटी काढली होती. "ज्याला बसायचंय त्यानं आपापल्या घरी बसावं, लोकांच्या पैशावर बसू नये," या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्या ऐकून शाखेच्या अध्यक्षांनी वॉर्डाची उमेदवारी त्यांनाच द्यायचं जवळजवळ ठरवलं होतं.

आणि आता त्यांच्याच दारात बाक.

"मुकादम, इथं कशाला हे?" ते बाहेर येत म्हणाले.

मुकादमानं खिशातून कागद काढला. "हुकूम आहे. चष्म्याच्या दुकानासमोर बाक बसवणे. हे चष्म्याचंच दुकान ना?"

"अहो, समोर म्हणजे समोरच्या बाजूला. पलीकडे. बसथांब्यापाशी. माणसं तिथं ताटकळतात."

मुकादमानं पलीकडे पाहिलं, मग दुकानाच्या पाटीकडे पाहिलं. "पलीकडे म्हणायचं असतं तर पलीकडे लिहिलं असतं. समोर म्हणजे समोर."

"बरं, चूक झाली समजा. काढा आता."

"आमचं खातं बसवायचं. उखडायचं खातं वेगळं."

एवढ्यात वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून चष्मेवाल्यांच्या बायकोनं डोकं बाहेर काढलं. "अहो, चांगलं आहे की. गिऱ्हाइकांबरोबरची माणसं उन्हात उभी असतात बिचारी."

"तू आत जा," चष्मेवाले म्हणाले. ती आत गेली आणि जिन्यानं खाली येऊन बाकावर बसून बघू लागली.

दुकान तिच्या हवाली करून चष्मेवाले तडक नगरपालिकेत गेले. तिथल्या इंजिनियर साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काढता येईल," साहेब म्हणाले. "आधी पाहणी होईल. मग समिती बसेल. मग ठेकेदार नेमू. बाकाला आला त्याच्या दुप्पट खर्च येईल, पण तुमची तक्रार रास्त आहे."

सरकारी उधळपट्टी थांबवायला त्याहून मोठी सरकारी उधळपट्टी करायची, हे चष्मेवाल्यांच्या गळी उतरेना. "नको," ते म्हणाले, "माझी तक्रार नाही."

"मग बाक आवडलं असं लिहून देता?"

"तसंही नाही."

परत येताना त्यांना एक गोष्ट सुचली. सिमेंट ओलं होतं. उद्या ते घट्ट झालं असतं. आजच्या आज बाक उचलून, कुणाचाही पैसा खर्च न करता, रस्त्यापलीकडे ठेवलं तर प्रश्न मिटत होता. त्यांनी अध्यक्षांना फोन लावला.

अध्यक्ष धान्याचे व्यापारी होते. उभ्या आयुष्यात त्यांनी पोती मोजली होती, उचलली मात्र एकही नव्हती. तरी ते आले, कारण उमेदवाराच्या दारात बाक म्हणजे पक्षाची अब्रूच गेली. शाखेचे बाकीचे दोन कार्यकर्तेही आले. मुकादम जेवायला गेल्याचं बघून चौघांनी चार टोकं धरली.

बाक बिडाचं, भलतंच जड होतं. निम्म्या रस्त्यापर्यंत ते कसंबसं गेलं आणि तिथं अध्यक्षांच्या कंबरेत चमक भरली.

"ठेवा," ते दात आवळून म्हणाले. "आधी खाली ठेवा."

बाक भर रस्त्यात ठेवावं लागलं. अध्यक्षांना उभं राहवेना, म्हणून त्यांना त्यावर बसवलं. ते एका अंगावर कलंडायला लागले, म्हणून चष्मेवाले एका बाजूनं टेकू देऊन बसले आणि दोघे कार्यकर्ते दुसऱ्या बाजूनं. एक बस येऊन थांबली. तिच्यामागे रिक्षा, टेम्पो नि गाड्यांची रांग लागली. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून विचारलं, "इथं थांबा केलाय का आता?"

रांगेत एक गाडी सुविधा पक्षाच्या, याच वॉर्डाच्या नगरसेविका ताईंची होती. त्या एका कारंज्याच्या उद्घाटनाला निघाल्या होत्या आणि सोबत वर्तमानपत्राचा फोटोग्राफर होता. ताई खाली उतरल्या. काटकसर आघाडीची अख्खी शाखा नगरपालिकेच्या बाकावर खांद्याला खांदा लावून बसलेली पाहून त्या क्षणभर थबकल्या. मग हात जोडून म्हणाल्या, "चांगल्या कामाला पक्ष आड येत नाही, हे तुम्ही आज दाखवून दिलंत."

"तसं नाहीये ते," चष्मेवाले म्हणाले.

अध्यक्षांनी कळ सोसण्यासाठी ओठ ताणले होते. फोटोत ते मनापासून हसताना दिसले.

दुसऱ्या दिवशी तो फोटो पहिल्या पानावर आला. खाली छापलं होतं, 'बाकांच्या कामात विरोधकही सरसावले.' तोवर मुकादमानं बाक कागदाप्रमाणे पुन्हा दुकानाच्या दारात आणून पक्कं करून टाकलं होतं. आणि जाताना सांगून गेला, "परत हलवलंत तर सरकारी कामात अडथळा होईल हं."

सकाळी अध्यक्षांचा फोन आला. ते पालथे पडून बोलत होते. "चष्मेवाले, पक्षाचं वाटोळं केलंत. वरून विचारणा झालीय. तुमच्या उमेदवारीचं आता विसरा."

त्या दिवशी गिऱ्हाईक आरशात बघत होतं तेव्हाही चष्मेवाल्यांकडून दिवा लावायचा राहून गेला.

बाकाला मात्र या राजकारणाचं काही नव्हतं. बसची वाट बघणारी माणसं रस्ता ओलांडून त्यावर येऊन बसू लागली. बसलेल्या म्हाताऱ्यांना पलीकडे आलेल्या बसचा नंबर दिसत नसे, आणि पाठीमागेच चष्म्याचं दुकान होतं. धंदा वाढला. चष्मेवाल्यांची बायको सकाळी नि संध्याकाळी खाली येऊन बसू लागली. कुणाला पाणी दे, कुणाचा अर्ज वाचून दाखव, कुणाच्या नळाची तक्रार लावून धर, असं तिचं सुरू झालं. महिन्याभरात वॉर्डातली निम्मी भांडणं त्या बाकावर मिटू लागली.

हे अध्यक्षांच्या कानावर गेलं. कंबर बरी होईतो त्यांनी पुष्कळ विचार केला होता. एका संध्याकाळी ते स्वतः काठी टेकत आले.

"पक्षानं धोरणाचा फेरविचार केलाय," ते खुर्चीत बसत म्हणाले. "काटकसर म्हणजे खर्चच करायचा नाही, असं थोडंच आहे? लोकांना उभं ठेवण्यात कसली बचत? आम्ही गल्लोगल्ली बाकं देणार. उमेदवारी तुमच्याच घरी द्यायची ठरलीय."

बाकांचं ऐकून चष्मेवाल्यांच्या कपाळाला आठी पडली आणि उमेदवारीचं ऐकून ती गेली. "मला विचार करायला वेळ द्या," ते म्हणाले.

"तुम्ही करा की विचार," अध्यक्ष म्हणाले. "वहिनींचा होकार असला म्हणजे झालं. वहिनी आहेत ना घरात?"

वहिनींनी आधी नाही म्हटलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. चष्मेवाले चष्मा पुसत होते. ते पुसतच राहिले, म्हणून तिनं हो म्हटलं.

इकडे सुविधा पक्षातही गडबड उडाली होती. बाकाचं सगळं श्रेय विरोधकांनी नेलं होतं आणि कारंज्यांनी तिजोरीचा तळ गाठला होता. ताई एके दुपारी चष्मा दाखवायचं निमित्त करून दुकानात आल्या.

"आम्ही आता खर्चाला आळा घालणार," त्या म्हणाल्या. "एक नवं बाक नाही, एक कारंजं नाही. पण आमच्याकडे या विषयावर बोलणारं कुणी नाही हो. आजवर कधी वेळच आली नाही. तुमची जुनी भाषणं मिळतील का?"

चष्मेवाल्यांनी ती दिली. मग त्या भाषणांबरोबर तेही गेले. लोक म्हणाले, चष्मेवाल्यांनी पक्ष बदलला. ते प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावत, "मी होतो तिथंच आहे. पक्षच इकडचे तिकडे झालेत." गिऱ्हाईक मान डोलवी आणि विचारी, "पण मग वहिनींच्या विरोधात कसे?"

प्रचार एकाच घरातून चालला. वर बायकोच्या बैठका होत आणि खाली चष्मेवाले ताईंसाठी भाषणं दुरुस्त करत. तिच्या कार्यकर्त्यांना चहा लागे, तेव्हा ती जिन्यातून हाक मारी, "अहो, साखर संपलीय, आणता का जरा?" ते आणून देत. संध्याकाळी चौकात दोघांची भाषणं एकाआड एक होत. ताईंच्या तोंडून "ज्याला बसायचंय त्यानं आपापल्या घरी बसावं" हे वाक्य आलं की चष्मेवाले एकटेच टाळ्या वाजवत. घरी आल्यावर बायको विचारी, "आज मी कशी बोलले?" आणि ते खरं सांगत. "चांगलं बोललीस. फक्त पैसा कुठून आणणार ते सांगितलं नाहीस."

"ते कुणी विचारलं नाही," ती म्हणे.

मतदानाच्या दिवशी चष्मेवाले रांगेत पहिले होते. आजवर त्यांचं मत कधी डगमगलं नव्हतं. आडोशामागे जाऊन त्यांनी मतपत्रिका उघडली, आणि त्यांना बायकोचं पूर्ण नाव छापलेलं दिसलं. असं छापील अक्षरांत ते त्यांनी त्यापूर्वी एकदाच, लग्नाच्या पत्रिकेवर पाहिलं होतं. ते बराच वेळ तिथं उभे राहिले. बाहेरून अधिकाऱ्यानं विचारलं, "काका, दिसत नाहीये का?"

"दिसतंय," चष्मेवाले म्हणाले आणि शिक्का मारला.

निकाल लागायला संध्याकाळ झाली. ताईंनी फेरमोजणी मागितली, तीही झाली. आकडा हलला नाही. चष्मेवाल्यांची बायको एका मतानं निवडून आली होती.

ती घरी आली आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसली. चेहऱ्यावर आनंदापेक्षा धास्तीच जास्त होती. चष्मेवाल्यांनी तिला पाणी दिलं.

"तुम्हाला एक सांगू? रागावू नका," ती म्हणाली. "मी ताईंना मत दिलं."

"काय?"

"आत गेले आणि तुम्ही चौकात एकटेच टाळ्या वाजवताय, तेच डोळ्यांपुढे आलं. म्हटलं, इतकी वर्षं हा माणूस एकच गोष्ट जीव तोडून सांगतोय. घरातलं एक मत तरी त्याच्या बाजूनं पडावं. आणि मला कुठं वाटलं होतं मी निवडून येईन म्हणून."

चष्मेवाले दुसऱ्या स्टुलावर बसले.

"मी तुला दिलं," ते म्हणाले.

"तुम्ही? बाकांना?"

"बाकांना नाही. तुला."

खालून अध्यक्षांची हाक आली. "वहिनी, खाली या, लोक थांबलेत." ती उठली, केस सारखे केले आणि जिन्यापर्यंत गेली. तिथं थांबून तिनं बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हणजे मी निवडून आले ती तुमच्या मतामुळे?"

चष्मेवाल्यांनीही मनात मोजून पाहिलं. "हिशेबानं तसंच होतंय."

"मग यापुढे खर्चावरून मला काही बोलायचं नाही," ती म्हणाली आणि खाली गेली.